आदिलशहाचा वाडा आणि त्याच्या भोवतीची पणजी

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचे घर बार्देशात, आणि बाबा पणजीला सचिवालयात कारकून. पूल पडल्यावर पुढची काही वर्षे आमच्याकडच्या लोकांचे सगळे जगणे फेरीबोटीच्या वेळापत्रकावर चालले. शाळेला सुट्टी असली की बाबा कधीकधी मला बरोबर नेत. बेतीच्या धक्क्यावर गर्दी, सायकली, माशांच्या पाट्या, ऑफिसला उशीर झाला म्हणून चिडलेली माणसे... आणि बोट निघाली की समोर हळूहळू मोठी होत जाणारी पणजी. त्या पणजीत डाव्या हाताला लांबलचक कौलारू छपराची एक पांढरी इमारत दिसायची. "थंय म्हजें ऑफिस," बाबा बोट दाखवून सांगायचे. मला वाटायचे की बाबा राजवाड्यात नोकरीला आहेत. आणि ते काही खोटे नव्हते!

ती इमारत म्हणजे आदिलशहाचा वाडा. कोणी आदिलशहा पॅलेस म्हणतो, जुन्या कागदांत 'पालासियु इदलकांव' असे येते, आणि आमच्या वयाच्या लोकांना ते अजूनही 'जुने सचिवालय'च आहे.

पुढे मी स्वतः सरकारी नोकरीला लागलो, पण तोवर सचिवालय पर्वरीला गेले होते. त्यामुळे त्या वाड्यात टेबल मिळण्याचे भाग्य मला लाभले नाही. मात्र माझे कार्यालय पणजीतच असल्याने त्या इमारतीवरून जाणे-येणे रोजचेच. आणि गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सारखा मनात येतो. एखाद्या जुन्या वास्तूभोवतीची जागा 'सुधारायची' म्हणजे नेमके काय करायचे? वास्तूची डागडुजी कशी करावी हे सांगणारे तज्ज्ञ असतात. पण तिच्या भोवतीच्या जागेचे काय? ती कोणाची? तिथे कोणी यायचे?

उत्तर शोधायचे तर आधी त्या जागेचा इतिहास पाहायला हवा. कारण वाड्याच्या भिंती फारशा हलल्या नाहीत, पण भोवतालची जागा पाचशे वर्षांत अनेक वेळा बदलली आहे.

विजापूरच्या युसुफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास मांडवीच्या काठी हा वाडा बांधला. नाव वाडा असले तरी तो एक प्रकारचा किल्लाच होता. नदीच्या दिशेला तोफा रोखलेल्या आणि भोवती खाऱ्या पाण्याचा खंदक. गोवा शहर म्हणजे आजचे जुने गोवे. ते नदीतून वर काही मैलांवर, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या तोफांच्या समोरूनच जावे लागे. पणजी तेव्हा शहर नव्हतेच. ताळगावच्या बाजूचा खाजणाचा, वाळूचा आणि माडांचा भाग, कुठे कुठे मासेमारांच्या झोपड्या, आणि त्यात हा एकटा वाडा.

फेब्रुवारी १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कच्या आरमाराने हा किल्ला घेतला. हल्ल्याच्या अग्रभागी त्याचा पुतण्या होता. मे महिन्यात आदिलशाही फौजेने गोवा परत मिळवला, आणि आल्बुकेर्कची गलबते ऐन पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी अडकली. बाहेर समुद्र खवळलेला, आत शत्रू. याच पणजीच्या किल्ल्यावरून त्यांच्यावर तोफगोळे पडत होते. त्या वर्षी २५ नोव्हेंबरला पोर्तुगीजांनी गोवा पुन्हा जिंकला, आणि वाडा कायमचा त्यांच्याकडे गेला.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे या वाड्याचे काम काय होते, तर पाहुण्यांना उतरवून घेणे. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की गोव्यात समारंभपूर्वक प्रवेश करण्याआधी तो इथे थांबे. म्हणजे हा वाडा गोव्याचा उंबरठा होता, आणि त्याचे तोंड नदीकडे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पहिला मोठा बदल १६३३-३४ साली झाला. लिन्यारिशच्या काउंटच्या कारकिर्दीत पणजीहून रायबंदरपर्यंत खाजणातून सुमारे तीन किलोमीटरचा दगडी बांध-रस्ता घातला गेला. आजही आपण रायबंदरला जाताना त्यावरूनच जातो, एका बाजूला मिठागरे आणि दुसऱ्या बाजूला मांडवी ठेवून. या रस्त्यामुळे पणजी प्रथमच जमिनीवरून राजधानीला जोडली गेली.

दुसरा बदल रोगराईने घडवला. जुन्या गोव्यात साथींनी माणसे मरत होती, शहर ओस पडत चालले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पाणेलीला हलवले आणि १७५९ साली ते पणजीच्या या वाड्यात आले. आता मालकच इथे राहायला आला म्हटल्यावर दरबारी, लष्करी अधिकारी, वकील, दलाल, व्यापारी सगळेच भोवती जमू लागले.

त्या जमलेल्यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचे घर म्हणजे म्हामाय कामतांचे. वाड्याच्या अगदी पाठीला लागून त्यांचे मोठे घर उभे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घराण्याचा दलालीचा आणि व्यापाराचा पसारा दूरवर पसरला होता. त्यांचे दप्तर म्हणजे एक खजिनाच आहे. पोर्तुगीज, फ्रेंच, मोडीतील मराठी अशा अनेक भाषांतले कागद त्यात आहेत, आणि आज ते पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवले आहे. विचार करा, व्हाइसरॉयच्या भिंतीपलीकडे बसून एक हिंदू सारस्वत घराणे मोडीत हिशेब लिहीत होते! पणजी म्हणजे फक्त पोर्तुगीजांनी वसवलेले शहर, असे जे पर्यटकांना सांगितले जाते, त्याला हे एक घर पुरेसे उत्तर आहे. १८१८ साली मळ्याच्या बाजूला महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. कधीकाळी देव बोटीत घालून नदीपलीकडे पळवावे लागलेल्या मुलखात राजधानीतच देऊळ उभे राहणे, ही केवढी गोष्ट होती हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तिसरा बदल सर्वांत मोठा. दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रू हा १८२७ ते १८३५ गोव्याचा कारभारी होता. त्याने वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदल बुजवली, सरळ रस्ते आखले. वाड्याच्या पश्चिमेला सैनिकांसाठी मोठी बराक बांधली. आज त्याच इमारतीत पोलीस मुख्यालय आहे आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थाही. आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापनाही त्याच्याच काळातली, १८३२ ची. २२ मार्च १८४३ रोजी राणीच्या फर्मानाने पणजीला 'नोवा गोवा' म्हणून शहराचा दर्जा मिळाला.

या काळात एक गोष्ट गुपचूप घडत होती. नव्या शहराला दगड लागत होता, आणि तो जुन्या शहरात पडून होता. जुन्या गोव्यातले वाडे, मठ, तटबंद्या पाडून त्यांचे दगड पणजीला आणले गेले. आपल्या चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटासुद्धा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची आहे. ती इथे १८७१ साली चढवली. एक शहर रिकामे करून दुसरे उभे करायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. आज जुन्या गोव्यात चर्चे आहेत, पण शहर नाही. त्यांच्या मधली घरे, बाजार, गल्ल्या गेल्या. उरले ते मोठे मैदान, कापलेली हिरवळ आणि दूर दूर उभ्या भव्य इमारती.

विसाव्या शतकात, १९१८ साली, गव्हर्नर काबोच्या टोकावर राहायला गेला आणि वाडा कचेऱ्यांकडे आला. १९४५ साली वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा उभारला गेला. संमोहनशास्त्राचा अभ्यास करणारा हा कांदोळीचा पाद्री, आणि त्याचा पुतळा घडवणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हेही गोमंतकीयच. पर्यटक त्याच्यासमोर हात पसरून फोटो काढतात. पुतळ्यातली ती खाली कोसळणारी बाई आणि तिच्यावर हात रोखलेला तो माणूस पाहून लहानपणी मला भीती वाटायची. बाबा म्हणायचे, "भियेवं नाका रे, तो तिका न्हिदयता."

१८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला येऊन थडकले आणि १९ च्या सकाळी मांडवी ओलांडून पणजीत आले. म्हणजे आल्बुकेर्कप्रमाणे तेही पाण्यातूनच आले. वाड्याच्या दरवाजावर पोर्तुगीजांचे चिन्ह होते, तिथे अशोकचक्र आले.

९ जानेवारी १९६४ पासून गोवा, दमण आणि दीवची विधानसभा या वाड्यात भरू लागली. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री, पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर सभापती, आणि समोर तीस आमदार. ज्या वाड्यात आमच्या पूर्वजांनी कदाचित वाकून अर्ज दिले असतील, तिथे कुळांचा कायदा १९६४ मध्ये झाला. मुंडकारांचा कायदा १९७५ मध्ये झाला. १९६५ चा विलीनीकरणाचा ठराव इथलाच, आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेला राजभाषा कायदाही इथलाच. त्या ठरावाने कोणाला आनंद झाला, कोणाला त्या कायद्याने दुःख झाले, यावर आपल्या घराघरांत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण हे सगळे भांडण त्या एका छपराखाली, आपल्याच भाषांत झाले, याचा मला अभिमान वाटतो. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले तेव्हाही राज्यकारभार इथूनच चालला होता.

आणि भोवतालची जागा? बाबांकडून ऐकलेली आणि लहानपणी थोडीशी पाहिलेली ती जागा अशी होती. बाहेर अर्ज लिहून देणारे टंकलेखक. स्टँपपेपर, चहा, भजी. पेडण्याहून, सत्तरीहून, काणकोणाहून पहाटे निघून आलेली माणसे, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. साहेब जेवायला गेले म्हणून सावलीत बसलेल्या म्हाताऱ्या. मोर्चे आले की घोषणा थेट आतपर्यंत ऐकू जायच्या. बाबा सांगतात, एखाद्या मोर्चाच्या दिवशी फाईलवर टिपणी लिहिताना बाहेरची माणसे नेमकी त्याच फाईलबद्दल ओरडत असायची! सरकार आणि लोक यांच्यामध्ये एक भिंत आणि एक फुटपाथ, एवढेच अंतर होते.

२००० साली विधानसभा पर्वरीच्या टेकडीवर नव्या संकुलात गेली आणि सचिवालयही गेले. जागा अपुरी होती, गाड्या ठेवायला सोय नव्हती, सगळे खरे. त्याआधी १९९३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेले होते, जे १८४२ पासून पणजीत रुजलेल्या वैद्यकीय शाळेचेच पुढचे रूप. मग मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला गेले. २०२१ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठही आल्तिनोहून पर्वरीला गेले. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या अवघी ४० हजारांच्या आसपास आहे, पण भोवतालची वस्ती धरली तर ती लाखाच्या पुढे जाते. म्हणजे शहर वाढते आहे ते पर्वरी, ताळगाव, बांबोळीकडे, आणि मधले जुने शहर एकेक काम गमावते आहे.

इथे मला जुने गोवे आठवते. तेव्हा साथीमुळे माणसे गेली, आज पार्किंगमुळे कचेऱ्या जातात. राहतात त्या इमारती.

रिकाम्या इमारतीचे काय करायचे? २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आणि माकिनेझ पॅलेस सजवले गेले, नदीकाठचा पदपथ झाला. ते काम चांगले झाले हे मान्य केले पाहिजे. आदिलशहाच्या वाड्यातही प्रदर्शने भरली, २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सवाची दालने लागली. डिसेंबरात आठ दिवस तिथे दिवे असतात. पण उरलेले दिवस?

मे २०१६ मध्ये पणजीची स्मार्ट सिटीत निवड झाली. मग रस्ते खोदले गेले. मलनिस्सारणाच्या वाहिन्या, केबली, पदपथ, पुन्हा खोदाई. २०२२ ते २०२४ या काळात पणजीत नोकरी करणाऱ्या कोणालाही विचारा, तो आधी धुळीबद्दल बोलेल, मग चिखलाबद्दल. माझी स्कूटर दोनदा खड्ड्यात गेली. मार्च २०२५ मध्ये योजनेची मुदत संपली.

मी स्वतः सरकारी कागद हाताळतो, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो. 'परिसर सौंदर्यीकरण' असे शीर्षक असलेली फाईल आली की तिच्यातले अंदाजपत्रक उघडून पाहावे. फरशी इतके चौरस मीटर, दिव्याचे खांब इतके, कठडा इतके मीटर, झाडांच्या कुंड्या इतक्या. जे मोजता येते ते मोजमाप पुस्तकात चढते आणि त्याचे बिल निघते. पण या जागी रोज किती माणसे कशासाठी येत होती, कामानंतर ती येणार का, त्यांना बसायला सावली आहे का, यासाठी रकाना नसतो. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. रकानाच नाही तर तो भरणार कोण?

गेल्या वर्षी बाबांना ऐंशी पूर्ण झाली. पावसाळ्याआधी एका रविवारी ते म्हणाले, एकदा जुने ऑफिस पाहून येऊ. मी त्यांना घेऊन गेलो. आत प्रवेश नव्हता, पण त्यांना त्याचे काही वाटले नाही. त्यांना बाहेरूनच पहिल्या मजल्यावरची आपली खिडकी दाखवायची होती. ती नीट दिसायची तर नदीच्या बाजूला रस्ता ओलांडून उभे राहायला हवे. आम्ही वीसेक मिनिटे रस्त्याच्या कडेला उभे होतो. गाड्या थांबेनात. कॅसिनोच्या धक्क्याकडे जाणाऱ्या टॅक्सी, पर्यटकांनी भाड्याने घेतलेल्या स्कूटर, बसगाड्या. म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्यातून जाण्याचे धाडस मला होईना. शेवटी ते थकले आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "रे, हांगा बसपाक जागोच ना." नव्या गुळगुळीत फरशीवर, नव्या दिव्यांच्या खांबांमध्ये, बसायला खरेच कुठे जागा नव्हती. मी त्यांना आबे फारियाच्या पुतळ्याच्या कठड्यावर टेकवले.

त्या दिवशी मला वर लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट पुरती कळली. हा वाडा नदीकडे तोंड करून बांधला आहे. युसुफ आदिलशहाने नदीवर नजर ठेवायला तो बांधला, व्हाइसरॉय नदीतून येऊन त्याच्या पायऱ्या चढले, १९६१ साली स्वातंत्र्यही नदी ओलांडून आले, आणि पूल पडल्यावर बाबाही फेरीतून उतरून तिथे हजर होत. १९७० च्या सुमारास पूल झाला तेव्हापासून त्या नदीचा आणि वाड्याचा संबंध सुटत गेला. आता मध्ये दयानंद बांदोडकर मार्गावरची रहदारी आहे आणि समोरच्या पाण्यात कॅसिनोची जहाजे रात्री झगमगतात. भाऊसाहेबांच्या नावाचा रस्ता ओलांडून भाऊसाहेबांच्या विधानसभेकडे नीट पाहताही येऊ नये, याला काय म्हणावे?

आता तुम्ही म्हणाल, नुसती तक्रार करून काय होणार? मी काही नगररचनाकार नाही. पण एका कारकुनाच्या अकलेप्रमाणे चार गोष्टी सुचतात.

एक, रस्ता. वाडा आणि नदी यांच्यामधला तेवढा तुकडा पायी चालणाऱ्याला सुखाने ओलांडता आला पाहिजे. सिग्नल लावा, रविवारी वाहने बंद ठेवा, काहीही करा, पण नदीकाठी उभे राहून वाडा पाहता यावा.

दोन, सावली आणि बाक. यावर वेगळे काही बोलत नाही.

तीन, आत काहीतरी रोजचे काम हवे. विधानसभेचे जुने सभागृह लोकांना वर्षभर पाहता यावे. तिथे झालेली भाषणे मराठी, कोकणी, इंग्रजीत ऐकता-वाचता यावीत. शाळेच्या मुलांना तिथे बसवून कुळकायद्यावरची चर्चा वाचून दाखवावी. त्याचबरोबर एखादी लोकांचे दाखले देणारी साधी कचेरीही तिथे राहू द्यावी. कचेरीत माणूस कामाला येतो, आणि कामाला येणाऱ्या माणसामागून चहावाला येतो, पुस्तकवाला येतो. पर्यटक त्या गर्दीत भर घालतो, पण एकटा पर्यटक गाव जिवंत ठेवू शकत नाही. फोंताइन्यासमध्ये काय झाले ते पाहा. घरांना रंग आहेत, समोर फोटो काढणारे आहेत, आणि आतला रहिवासी खिडकी लावून बसला आहे.

चार, शेजारी. परिसर म्हटला की त्यात म्हामाय कामतांचे घर आले, चर्च आले, बराक आली, आझाद मैदान आले. एका फलकावर तरी लिहावे की या भिंतीपलीकडे मोडीतले हिशेब लिहिले जात होते. आपल्या लोकांचा उल्लेख त्यांच्याच शहरात, त्यांच्याच लिपीत असावा, एवढेच मागणे आहे.

जुन्या वास्तूभोवती जे काही करायचे ते वर्तमानातल्या माणसासाठी करावे लागते, हे मला मान्य आहे. पोर्तुगाल इ कास्त्रूने दलदल बुजवली नसती तर पणजीच झाली नसती. बदलाला माझा विरोध नाही. प्रत्येक बदलाने त्या जागेवर नवी माणसे आणली होती, एवढेच मी म्हणतो. आपला हा पहिला बदल असेल, ज्याने माणसे घालवली.

असो. त्या रविवारी परतताना बाबांनी पुलावरून नको म्हटले. फेरीने जाऊ, म्हणाले. मी स्कूटर फेरीवर चढवली. बोट मध्यावर आल्यावर ते मागे वळून उभे राहिले आणि पांढऱ्या भिंतीकडे बोट करून खिडक्या मोजू लागले. डावीकडून सातवी की आठवी, यावर त्यांचे स्वतःशीच एकमत होईना. बोट बेतीला लागेपर्यंत ते मोजत होते.